उपाशीपोटी

तेजेश, उद्यापासून हा रूट तुझा,
म्हणून ऐक.
पडलास, तर आधी पडून राहा.
माणूस लाजेपोटी उठतो, बरं वाटतंय म्हणून नाही.
पायाची बोटं बुटातल्या बुटात हलवून बघ.
मान हलवू नकोस.
कोणीतरी हेल्मेट ओढायला येईलच,
लोकांचा जीव मोठा असतो, हात घाईचे.
त्याला म्हण, राहू दे दादा, आधी गाडीची चावी काढ,
पेट्रोल गळतंय का बघ.

मी यातलं काहीच केलं नव्हतं.

कोपरखैरणे, तीन टाकी, सकाळचे सात वीस.
पांढरी वॅगनआर, उजवा इंडिकेटर लावून डावीकडे वळली.
माझं पुढचं चाक तिच्या दारात,
मी बॉनेटवरून पलीकडे, दुधाच्या क्रेटांपाशी.
आणि बर्फाचा डबा, अकरा नळ्यांचा,
रस्त्याच्या मधोमध, आ वासून.

चार फुटल्या.
नळीत चमचाभर असतं ते. डांबरावर बादलीभर दिसतं.
एक बाई ओरडली, गेला गं, गेला पोरगा!
मी तिच्यासमोरच बसलेला, गुडघा सोलवटलेला,
सांगत होतो, मावशी, ते माझं नाही.
ते सेक्टर सातच्या टिळेकर बाईंचं, साखरेचं.
हे इकडचं ठोंबरे काकांचं, थायरॉइड.
ती म्हणाली, डोक्याला लागलंय याच्या.

फोटो काढ. गाड्या हलवायच्या आधी.
नंबरप्लेट, दार, टायरची घसट, तुटलेला आरसा.
इंडिकेटर कुठला चालू होता ते फोटोत येईलच असं नाही,
त्यासाठी माणूस लागतो.
मला दूधवाला रामसजीवन मिळाला,
त्यानं नंबर माझ्याच तळहातावर लिहिला,
घाम येऊन शेवटचे दोन आकडे गेले.
तू कागद ठेव.

गाडीवाला उतरला. हातात शाळेचा डबा.
मागच्या सीटवर मुलगी, एकाच पायात मोजा.
त्यानं पाकीट काढलं, दोन हजार घे, इथंच मिटवू.
मिटवू नकोस, तेजेश.
दुखणं तेव्हा झोपलेलं असतं, रात्री अकराला जागं होतं.
पैसे मी घेतले नाहीत,
पण बोलून गेलो, चूक माझीही होती.
नव्हती.
मुलगी बघत होती म्हणून असेल.
ते एक वाक्य आठ महिने माझ्या क्लेमच्या फाइलीत बसून होतं.

पोलिसांना बोलाव, पंचनामा होऊ दे.
पालिकेच्या दवाखान्यात एमएलसी,
डॉक्टर कंटाळलेला असला तरी एकेक ओरखडा लिहून घे.
फाटकी पॅंट धुऊ नकोस, टाकू नकोस.
विमा कंपनीला त्याच दिवशी कळव.
हे सगळं मिठबावकर मॅडमनी छापून फ्रीजवर लावलंय,
वाचशील.

फ्रीजवर नाही ते सांगतो.
सांडलेल्यावर ब्लीचिंग पावडर टाकायची, हातमोजे घालून,
तिथून मुलं शाळेला जातात.
मी ते केलं. मग उरलेल्या सात नळ्या पुसून
रिक्षानं आधी लॅबला गेलो, नंतर दवाखान्यात.
तू उलटं कर.

मग चार फोन.
नमुना खराब झाला, उद्या परत उपाशी राहावं लागेल.
ठोंबरे काका खेकसले, माझं रक्त काय नळाला येतं?
टिळेकर बाई गप्प. मग विचारलं,
सांडलं कुठे?
तीन टाकीपाशी, म्हटलं.
अगो बाई, म्हणाल्या, भाजीला तिथूनच जाते मी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा हात पुढे केला.
माझा अंगठा थरथरत होता, शीर सापडेना.
एकदा टोचलं, चुकलं.
त्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या,
एप्रिल होता, त्यांनी मे उलटून बघितला,
जून बघितला,
मला सापडेपर्यंत.

डब्याला नवं झाकण बसवलंय.
कडी लागली असं वाटतं, लागत नाही.
दोनदा दाब.