चार बोटं

माझा नवरा म्हणतो, हवा बदलली.
माझा भाऊ म्हणतो, हवा बदलतेच,
न बदलायला ती काय भिंत आहे?
अकरा वर्षं हेच चाललंय
पेइप्सी सरोवराच्या काठी, आमच्या स्वयंपाकघरात,
कांद्याच्या माळांखाली.
मी बटाटे सोलते. साल एकसंध निघते,
तोड निघत नाही.

झिनोवी वही काढतो.
सरोवर गोठल्याची तारीख, फुटल्याची तारीख,
आधी त्याच्या वडिलांच्या हातची, मग त्याच्या.
वडिलांचं अक्षर नोव्हेंबरात सुरू होतं.
ह्याचं सरकत सरकत जुन्या नाताळापर्यंत आलंय,
आणि गेल्या सालच्या पानावर नुसती एक आडवी रेघ.

फेओक्तिस्त चष्मासुद्धा लावत नाही.
"एकसष्ट साली मी नऊ वर्षांचा होतो.
जानेवारीत बाबांनी होडीतून मासे धरले.
मोटार कितीजणांकडे होती तेव्हा? एकट्या डॉक्टरकडे.
तिच्या धुरानं वितळलं वाटतं सरोवर?"

"एका सालावरून काय ठरतं?" नवरा म्हणतो.
"एक दिवस प्यायला नाही
म्हणून कुणी सोवळा होत नाही."
हे भावाला लागतं. लागावं म्हणूनच होतं.

मग कांद्यावर येतात.
माळेतच का कुजतो? पावसानं, बियाण्यानं,
तुझ्या आळसानं.
शेवटी दोघंही वळतात: उस्तिन्या, तू सांग.

मी काय सांगू.
मला ठाऊक आहे ते वहीत मावणारं नाही.
बाहेर वाळत घातलेले कपडे फळीसारखे व्हायचे,
नवऱ्याची लोकरी विजार मी काखेत मारून आणायचे,
सरपण आणावं तशी.
आता ती ओलीच लोंबते. भर फेब्रुवारीत.
हे बोलले तर भाऊ हसेल
आणि नवरा तारीख विचारेल.

परवा रात्री थंडी पडली. सकाळी सरोवर पांढरं.
झिनोवीनं गिरमिट घेतलं, कानटोपी घातली.
"चार बोटं तरी असेल."
म्हटलं, तुला हवीत म्हणून चार होत नाहीत.
पण बर्फाचा भरवसा संपला म्हणणारा हा माणूस
निघालासुद्धा,
शाळा सुटलेल्या पोरासारखा, पायाखाली न बघता.

मी मागोमाग काठापर्यंत गेले, तर तिथे फेओक्तिस्त.
काही बदललं नाही म्हणणारा.
कमरेला दोर, हातात लोखंडी टोकाची काठी,
खांद्यावर शिडी.
शिडी!
"ही कधीपासून नेतोस?"
"चार हिवाळे झाले.
त्याला सांगू नकोस."

एक पुढे, दुसरा वीस पावलं मागे,
शिडी ओढत, काठी आपटत,
कान लावून.
वाऱ्यावर तुकडे येत होते:
एकसष्ट... वहीत बघ ना... डॉक्टरची...

तेवढ्यात बर्फ कण्हला.
इथून सुरू झालेला तो आवाज
थेट रशियाच्या काठापर्यंत गेला असावा.
दोघंही थांबले.
अकरा वर्षांत पहिल्यांदा एकाच वेळी गप्प.
मग भावानं शिडी आडवी टाकली,
आणि नवरा पोटावर झोपून,
एकेक दांडी धरत,
त्या माणसाकडे परत आला
ज्याचं म्हणणं त्याला कधीच पटलं नाही.

संध्याकाळी ताव्यावर तीन मासे. वही उघडी.
"किती लिहू?" नवऱ्यानं विचारलं.
"दोन बोटं."
"अडीच."
"माझी बोटं धरलीस तर दोनच."
"तुझी बोटं सुजलीत थंडीनं."
"कुठली थंडी? आताच म्हणालास ना, थंडी उरली नाही?"

मी मासे उलटले.
रात्री जाताना फेओक्तिस्त शिडी न्यायची विसरला.
विसरला, असंच म्हणायचं.
सकाळी मी ती दाराबाहेर ठेवली,
नवऱ्याला अडखळल्याशिवाय
बाहेर पडता येणार नाही, अशी.