वळशाचं तिकीट

मी स्वतः कधी कुठे गेले नाही.
डुलुथच्या या दुकानात, गोठलेल्या सरोवराकडे पाठ करून
तेवीस वर्षं लोकांना पाठवत आले.
तरी विमानतळ मला माणसांसारखे ठाऊक आहेत,
बंदुकीच्या पेटीकडे कोण कसं बघतं, त्यावरून.

हा एक, सही-शिक्क्याचा भुकेला :
चार आठवडे आधी अर्ज, नंबर, खरेदीची पावती.
तो दुसरा दिवसा हसतो,
रात्री मात्र पेटीला वस्तीला राहू देत नाही.
तिसऱ्याकडे सगळं छान,
फक्त एक कंपनी उतरवते
आणि दुसरी हात लावत नाही.
नेमकी तिथे माशी शिंकते.

स्वस्त तिकीट मी दाखवतच नाही.
शिकाऱ्यांना म्हणते, तुम्ही कुठेही झोपाल,
बाकावर, जिन्याखाली, बुटांची उशी करून.
आधी पेटीच्या झोपेचं बघू.

फेब्रुवारीत ओस्मो हार्युला आला.
टोपीवरचा बर्फ माझ्या कागदांवर वितळला.
जायचं विंडहूकला, पुढे दिवसभर जीपने.
बंदूक थोरल्या भावाची, आर्वीची,
आता कागदोपत्री याची.
आर्वी तिकडे दोनदा जाऊन आलेला.
तिसऱ्या खेपेचे पैसे भरले, कुडूचेही,
आणि नोव्हेंबरात गेला.
ओस्मोने आयुष्यात एक ससा मारलेला,
तोही मोटारीखाली.

तीन संध्याकाळी आम्ही वाटा मांडत बसलो.
जवळची : दोन थांबे,
पण मध्येच पेटी उचला, दाखवा, पुन्हा सोपवा.
लांबची : अकरा तास नुसतं बसायचं,
अर्धं जग उलटं जायचं,
पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चिठ्ठी.
हे म्हणजे डोक्यामागून घास घेणं, तो म्हणाला.
घास तोंडात तर जातो, मी म्हणाले.

भिंग घेऊन नंबर लिहून घेतला.
शेवटचा आकडा झिजलेला.
आठ की तीन?
आर्वीच्या अंगठ्याची जागा असावी ती.
मग नेहमीचं सांगितलं :
बोल्ट काढून, काडतुसं वेगळी, मोजून वीस,
किल्ली तुमच्या खिशात,
आणि कुणी मागितली तरी पेटीपासून हलायचं नाही.

तो ऐकत होता, की नव्हता.
म्हणाला, परत येताना ती तिकडेच राहिली तर?
उआझुवापाशी. आर्वीला माग काढून द्यायचा तो.
नाही, मी म्हणाले.
जी आत शिरली तीच बाहेर निघायला हवी,
नंबरास नंबर.

मग पिशवीतून त्याने कॉफीचा डबा काढला,
झाकणाला भोवती चिकटपट्टी.
आणि हा? हा कुठल्या सामानात?

मी नियम उघडले. दुसरं कुठे बघणार होते?
पत्र्याचा डबा नको, लाकडी पेटी घ्या,
यंत्राला आरपार दिसायला हवं.
अंत्यविधीवाल्यांचा दाखला.
हातातल्या पिशवीत, मांडीवर ठेवलात तरी चालेल.
आणि परतीचं?
परतीचं याला काही लिहिलेलं नाही, मी म्हणाले,
आणि उगाच पुन्हा ते पान चाळलं.

जूनमध्ये येऊन त्याने सांगितलं :
विंडहूकला सार्जंट न्दिनेलाओ नावाची बाई होती.
नंबरावरून नख फिरवून म्हणाली, आठ.
लाकडी पेटी तळहातावर तोलली, खाली ठेवली,
विचारलं, थोरला की धाकटा?
थोरला.
तिने बंदुकीच्या कागदावर शिक्का मारला.

वीस काडतुसं गेली, एकोणीस आली.
शिंग नाही, कातडं नाही, फोटोही नाही.
नाकाचं टोक तेवढं उन्हाने सोललेलं.
पैसे चुकते करून दारापर्यंत गेला, वळला.
बंदूक नसली
तर सरळ वाटेने किती तास लागतात?

तेवीस वर्षांत
मला कुणी हे विचारलं नव्हतं.
थांबा, म्हणाले, बघून सांगते.