काठीवरचा चेंडू

या सिनेमात माझं काम एवढंच:
काठी धरून उभं राहायचं.
काठीच्या टोकाला टेनिसचा पिवळा चेंडू,
चेंडूवर मार्करने काढलेले दोन ठिपके.
हा डुंकिस.
खरा डुंकिस मार्चमध्ये येणार आहे
माँट्रियलच्या संगणकांतून,
मिशीचा केस न् केस मोजून घेऊन.

तोवर नऊ वर्षांची अगाते याच चेंडूशी बोलते,
याच्यावरच रुसते,
आणि मी काठी जराशी वरखाली करत राहतो,
श्वास चालू आहे असं वाटावं म्हणून.
तसं कुणी सांगितलेलं नाही.

रीगाबाहेरच्या गोदामात
आम्ही दौगावा बांधली आहे, बावीस मीटरची, कोमट.
खरी नदी चार किलोमीटरवर वाहते,
पण तिथला उजेड कुणाचं ऐकत नाही.

आमच्या घरी तो लागायचा
सातला दहा कमी असताना, बातम्यांच्या आधी.
नाव वल्हवणारं निळं पाणमांजर,
अलीकडच्यांना पलीकडे सोडणारं,
भाडं म्हणून एखादं बटण घेणारं.
वडील कारखान्यातून येऊन दारातच थबकायचे,
एक पाय बुटात, एक नुसत्या मोज्यात.
डुंकिस पलीकडे पोचला
की मग दुसरा बूट.

आज स्कायद्रितेबाई आल्या.
वय एक्क्याऐंशी. पारदर्शक पत्र्यांच्या पाठीमागून
डुंकिसमध्ये रंग भरणाऱ्या सहा जणींतल्या
एकट्या उरलेल्या.
त्यांना खुर्ची दिली, ब्लँकेट दिलं,
आणि राइतिस, आमचा दिग्दर्शक,
वही उघडून समोर उकिडवा बसला.

बोटं चारच का?
— पाचवं काढायला वेळ कुणाला होता?
सावली का नाही?
— सावली म्हणजे आणखी एक चित्र, बाळा.
अकराव्या भागात तो हिरवट पडतो, ते विषाचं सूचन?
— निळा संपला होता.
मुलांना वाटलं, आजारी पडला.
टपालाने मध आला, लसूण आला,
कुणीतरी लोकरी मोजे पाठवले, चार.
मध आम्ही खाल्ला.

राइतिसने वहीत काहीच लिहिलं नाही.

मग अगातेने विचारलं, ओल्या केसांनी, टॉवेलमधून:
पण त्याला तर पोहता येतं ना?
मग नाव कशाला?

पटकथेत याची अकरा पानं आहेत.
वादळ आहे, बुडालेला बाप आहे,
पाण्याची भीती आहे, शेवटी ती जाते.
भावनिक कारण हवं, असं निर्माते म्हणाले होते.

बाई हसल्या. दात सगळे त्यांचेच.
पोहायचं तर दर सेकंदाला बारा चित्रं, म्हणाल्या,
शिवाय शिंतोडे.
नाव एकदाच काढली
आणि नदीवरून सरकवत राहिलो.

मला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत, वाटत होतं
की ज्यांना पोहता येत नाही
त्यांच्या सोबतीसाठी तो पोहायचा थांबला.
मी हे बोललो नाही.
काठी धरणाऱ्याने बोलायचं नसतं.

जाता जाता बाई माझ्यापाशी थांबल्या.
चेंडूकडे बघितलं, बराच वेळ,
मग अंगठा जिभेला लावून दोन्ही ठिपके पुसायला गेल्या.
मार्कर पक्का, जाईना.
तेव्हा त्यांनी चेंडूच धरून
किंचित पुढे कलता केला.
तो माणसांच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणाल्या,
हातांकडे बघतो.
बटण आणलंय का ते.

पुढचा शॉट. दिवे. पाणी हललं.
अगातेने चेंडूकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या हातांकडे,
आणि कागदावर नसलेलं एक वाक्य म्हणाली:
मी काहीच आणलं नाहीये. चालेल?

कट, राइतिस ओरडला.
काठी हलली! कुणी हलवली काठी?