उलटा अडाप्टर

धरणगावला उतरले तेव्हा दुपारचे दोन.
स्टँडवर रसवंतीचा घुंगरूसुद्धा झोपलेला.
पर्समध्ये अठरा हजार, रबर लावून.
आरडीचे. खरं तर कूलरचे,
जुन्याची मोटर चैत्रातच जळली.
घरी सांगितलंय, धरणगावच्या जिनला ऑडिट आहे.

सलामत पिंजारींच्या बँडची गाडी
भिंतीला टेकून उभी,
एका कर्ण्यात चिमण्यांचं घर.
"आता समदास्ले डीजे लागस," ते म्हणाले.
तक्रार नव्हती त्यात.
भुईमूग सोडून मका लावला, हे सांगावं तसं.

मग खाटेवरची गोधडी बाजूला झाली.
एकसष्ट पट्ट्या. चार सरकत्या दांड्या.
एक गोल बटण गायब, त्या जागी
टूथपेस्टचं झाकण.
बरोबर बसलं होतं. फिरतही होतं.

मी कागद घेऊन गेले होते:
प्रत्येक पट्टी वाजवणे. हेडफोनचं भोक बघणे.
भाव बारापासून.
आवडला तरी चेहरा तसाच ठेवणे.

वरचा कोमल गंधार मुका.
"दाब जरासा, बोलस तो."
दाबला. बोलला,
पण उशिरा, हजेरीला मागच्या बाकावरून
उठणाऱ्या पोरासारखा.

हिरव्या पडद्यावर त्यांनी साठवलेले आवाज,
इंग्रजी अक्षरं, स्पेलिंग स्वतःच्या मर्जीचं:
हळद एक. हळद दोन. वरात.
मामा टाइट.
नवरी.

नवरीवर बोट ठेवलं.
आला तो आवाज सनईचा नव्हता.
सनई ऐकावी, मग तापीचा पूल ओलांडून
आठ दिवसांनी ती आठवायला बसावं,
तेव्हा जे काही उरेल ते.
माझ्या फोनात चारशे सनया आहेत, फुकट.
सगळ्या सनईसारख्या.

मग हा कशाला, हेमराज विचारेल.
बरोबरच आहे त्याचं.
दिवसभर मी गाठींचे आकडे भरते,
रात्री कानात बोळे घालून एखादा सूर वाकवत बसते,
कुणाला ऐकवत नाही.
पण काचेवर बोट घासून आवाज घडवायचा, म्हणजे
काचेच्या पलीकडून कणीक मळायची.
हे त्याला सांगता येईल का?
कूलरशिवायच्या खोलीत?

मग त्यांनी न विचारता सांगितलं.
आत एक सेल आहे, रुपयाएवढा.
सात वर्षं बदललेला नाही.
तो संपला की ही सगळी नावं जातील.
बदलायला गेलं तरी जातील.
"मंग कोरा व्हई जाई. तुना व्हई जाई."
गुण सांगत होते की दोष,
चेहऱ्यावरून कळेना.

मी बारा म्हटलं.
ते सोळा.
मी तेरा म्हणणार, तेवढ्यात कोपर लागलं
आणि मामा टाइट वाजला,
वर चढताना घसरणारा, धोतर सावरत पुन्हा चढणारा.
त्यांना ठसका लागला, मलाही हसू आवरेना.
त्यानंतर आकडा बोलायची चोरी झाली.

"विचार करते," मी म्हटलं.
"कर ना."
उठले, खिळ्यावरचा अडाप्टर काढला,
वायर कोपराभोवती गुंडाळली
आणि माझ्या पिशवीत टाकली.
"हाऊ उलटा शे. समदास्ना मजार अधिक ऱ्हास,
याना मजार उणा. दुसरा लावा ते जळी जाई.
हाऊ तुनाकडे ऱ्हायना,
ते मी कोनलेच इकाव नही."

चार वाजताची चोपडा गाडी.
खिडकीची पट्टी हाताला चटका देते.
मांडीवर हा वजनदार ठोकळा,
लावायला माझ्याकडे काही नाही;
तिकडे खाटेवर तो, सगळ्या नावांसकट मुका,
आणि त्याच्या पोटात
एक सेल हळूहळू संपतोय.

पर्समध्ये अठरा हजार, तसेच.
हेमराज विचारेल, झालं का ऑडिट?
सांगेन, एक आकडा जुळत नाही.
आत उणा निघतोय.
परत जावं लागेल.