चक्कीची वही

डाव्या पानावर दळण:
कमळाबाई ठवकर, ज्वारी, दोन पायली.
उजव्या पानावर सुगत.

सोमवार. हातपंपाचा दांडा करकरला. कानावर हात.
बुधवार. मिरचीकांडप, ठसका. सदरा काढून फेकला.
शनिवार. ताट पडलं.
ओट्याखाली दीड तास.
कोणी बोललं नसतं तर पाऊण.

आशाताई म्हणे, लिहीत जा भाऊ,
दूध उतू जायच्या आधी
कडेनं हालतेच.

वर्षभर त्याले चक्कीपासून दूर ठेवलं.
मलेच वाटे, एवढा आवाज.

मग एका राती मागची पानं चाळली.
ज्या ज्या दिवशी लाइन गेली
त्या त्या दिवशी पोरगं बिथरलं,
चक्की थांबल्याबरोबर.

आता पिठाच्या गरम पोत्याले
पाठ टेकून बसते तो,
मुठीत सरकी,
ओठ मिटून पट्ट्याच्या सुरात सूर.
गिऱ्हाइकं खुणेनं बोलतात.

आज भरदुपारी लाइन गेली.
पट्टा लटपटत थांबला.
सुगतची मूठ आवळली, सरकी सांडली.
त्यानं माह्याकडं पाह्यलं नाही,
पाह्यत नाही तो.
मी पोत्याच्या दुसऱ्या अंगाले टेकलो
आन् घुमत राह्यलो,
जाड, चक्कीवाणी,
लाइन येईपर्यंत.

डाव्या पानावर:
ठवकरबाईचं दळण अर्धं. उद्या.