आडवे पट्टे

लेसोथो म्हटल्यावर बाबा म्हणाले, "कशावरचं औषध?"
मग मी नकाशा दाखवला:
एका देशाच्या पोटात दुसरा देश,
चपातीला पडलेल्या भोकासारखा.
"समुद्र नाही?"
"नाही. नुसते डोंगर."
"मग जा. समुद्र काय, इथं आहेच."

आरडी मोडली. भांडुपच्या त्या दोन खोल्यांत
चंद्रिकाबेनचा उसना कोट आठवडाभर वाळत घातला,
डांबरगोळीचा वास जाईना.
ऑफिसात विचारत, तिथं बघण्यासारखं आहे काय?
मला तरी कुठं माहीत होतं.
कुणी जात नाही, एवढंच.

गवत तिथं वाऱ्यात कूस बदलतं.
मेंढरांमागं एक पोरगा: पायात गमबूट, अंगावर घोंगडी,
तोंडाशी एका तारेचं वाद्य, पिसातून फुंकायचं.
मी फोन उचलला तसा तो थांबला,
हात पुढे केला, फोन घेतला,
आणि माझाच फोटो काढला.
लाल नाक, उसना कोट, मागं सगळा डोंगर.
फोन परत देऊन पुन्हा वाजवू लागला.

राहिले ममोसाकडे. ममोसा म्हणजे मोसाची आई.
तुझं स्वतःचं नाव काय, विचारलं तर हसली,
आमच्याकडे बाब्याची आई हसते तशी,
ओचा सावरत, विषय बदलत.

तिसऱ्या दिवशी तिनं कड्यावर नेलं.
खाली पाणी, निळं, लांबट,
डोंगरांच्या फटींत बोटं घातलेलं.
किती सुंदर, म्हटलं मी.
ती म्हणाली, त्या वळणाखाली आईचं मक्याचं शेत.
आणि हे पाणी जातं कुठं?
खाली. बोगद्यातून. मोठ्या शहराला.
मग दोन पिवळे कॅन घेऊन आम्ही झऱ्यावर गेलो,
कारण तिच्या दारात नळ नव्हता.
माझ्या डोक्यावर कॅन काही राहीना.
तिनं दोन्ही घेतले.

बाबा महापालिकेचे चावीवाले, तेहतीस वर्षं.
छातीएवढी लोखंडी चावी रस्त्यातल्या झाकणात घालायची,
फिरवायची,
की खालची आळी जागी व्हायची, बादल्या बोलायच्या.
किती आट्यांना किती पाणी, हे त्यांच्या मनगटात.
निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी चारला उठतात.

घोडे पाहिले, टोकदार गवती टोप्या पाहिल्या, झटझट.
धरणाच्या फोटोवर बोट थांबलं.
"भिंत केवढी?" माहीत नाही.
"बोगदा किती लांब?" तेही नाही.
"या बाईचं काय बुडालं?"
ते माहीत होतं.

मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, एका मे महिन्यात ड्युटी होती
शहापूरकडे, तलावावर. पाणी पार खाली गेलेलं.
चिखलात एक जातं निघालं, खुंटा नसलेलं.
एक ठाकर म्हातारी रोज यायची,
त्याच्याशेजारी बसायची.
दळायला काही नसायचं तिच्याकडे.
"तुम्ही काही बोललात तिच्याशी?"
"मी पातळी लिहायचो. दिवसातून दोनदा."
"आणि मग?"
"मग पाऊस झाला."

ममोसानं दिलेली घोंगडी त्यांना दिली.
भर मेमध्ये, भांडुपमध्ये, पंखा पाचवर.
सांगितलं, पट्टे उभे यायला हवेत, बाबा.
मका उभा वाढतो, माणसानं तसं वाढावं, म्हणतात ते.
बाबांनी ती तशीच ओढली गळ्यापर्यंत, पट्टे आडवे.
"आता काय वाढायचंय," म्हणाले, आणि कुशीवर वळले.

साडेचारला मोरीतल्या नळानं
आधी नुसती हवा सोडली, लांब, खोकल्यासारखी.
बाबा घोंगडीतून म्हणाले, "अर्धा आटा कमी फिरवलाय."
मी बादली लावली.