शेऱ्याचा रकाना

सत्तरीतल्या सड्यावर उभ्या उभ्या
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: पडीक.
बम्मू वरक शेजारी. वाचता येत नाही त्याला,
पण शब्द किती तोकडा, ते दिसलं असावं.
"एवढंच?" म्हणाला.

मग काठीनं दाखवला कुसळीचा एक ठोंब,
कातळाच्या भेगेत मूठ आवळून बसलेला.
हा माझ्या लग्नाआधीचा.
कोवळा असतो तोवर म्हशी वरवर कातरतात,
कुसळं धरली की शेळीसुद्धा तोंड फिरवते.
मग विळा. मग गोठ्याचं छप्पर.
मूळ मात्र कुणी मागितलं नाही त्याच्याकडं,
म्हणून ही ओंजळभर माती अजून इथं.
नाहीतर कधीच गेली असती खाली, म्हादईत.

मी घड्याळ पाहिलं. वाळपईची बस चारची.

बसमध्ये मोजे सोलत बसलो.
पोटरीभर कुसळं, काळ्या शेपट्यांची,
एकेक उपटून खिडकीबाहेर.
"सड्यार गेल्ले?" कंडक्टर हसला.

एक राहिलंच, विजारीच्या दुमडीत.
पणजीला गॅलरीत बायकोनं विजार झटकली,
ते पडलं कोपऱ्यातल्या कुंडीत,
तुळस जळाल्यापासून रिकामीच ती.

पहाटे दव होतं. चहा घेऊन वाकलो
तर शेपटीचा पीळ उलगडत होता,
सावकाश, एखाद्या गिरमिटासारखा,
आणि टोक मातीत शिरत होतं
कुणाला न विचारता.

चहा निवला.
कुंडीत थोडं पाणी घातलं, बेतानं.
सोमवारी फाइल वर जायची आहे.